बंदुकीची गवसणी

कायदा पाळणाऱ्या माणसाच्या घरात बंदूक असू नये. गुंडाच्या घरात असली तर एक वेळ चालतं, त्याला तिची सवय असते. पण प्रभंजनराव नरगुंदकरांनी हायस्कुलात सदतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, वाचनालयाचं पुस्तक कधी एक दिवस उशिरा दिलं नाही, आणि रिकाम्या चौकातसुद्धा लाल दिव्याला गाडी थांबवून मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या. अशा माणसाच्या कपाटात दुनळी बंदूक असावी हा दैवाचा निव्वळ चावटपणा होता.

बंदूक वडिलांची. अळणावरकडे थोडं शेत आहे, मक्यात रानडुकरं येतात म्हणून त्यांनी घेतलेली. वडिलांमागे परवाना प्रभंजनरावांच्या नावावर झाला. त्यांनी तिच्यातून एकही गोळी झाडली नव्हती. डुकरं दर वर्षी येत, मका खात आणि जात. इकडे परवान्याचं नूतनीकरण मुदतीच्या दोन महिने आधी होई. डुकरं आणि सरकार, दोघंही प्रभंजनरावांवर खूश होते.

अशात महापालिकेची निवडणूक जाहीर झाली आणि पेपरात सूचना आली, की परवानाधारकांनी आपली शस्त्रं शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पोलीस ठाण्यात जमा करावीत, नाहीतर परवाना रद्द आणि वर गुन्हा. सूचना आली सोमवारी. दुसरा कुणी असता तर मंगळवारी बंदूक देऊन मोकळा झाला असता. पण प्रभंजनराव पडले नियमाचे माणूस. सोमवारी त्यांनी सूचना कापून वहीत चिकटवली. मंगळवारी हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरून शस्त्र कायद्याचं पुस्तक आणलं. बुधवार-गुरुवार ते लाल शाईनं रंगवलं. शुक्रवारी अर्जाच्या तीन प्रती काढल्या. अशा रीतीनं कायद्याचा आदर करता करता ते शेवटच्या दिवसावर येऊन पोचले.

शुक्रवारी संध्याकाळी विमलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्यापुढं वाचन झालं.

"बंदूक रिकामी हवी. काडतुसं वेगळ्या डब्यात, कुलपात. बंदूक पूर्ण झाकलेली. नळी कुणाच्या दिशेनं नको. बंदूक गाडीत असताना गाडी सोडून जायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परवानाधारकाशिवाय ती कुणाच्या हाती द्यायची नाही. क्षणभरसुद्धा."

"माझ्यासुद्धा?"

"तू कोण?"

विमलाबाईंनी मेथीची काडी हातात तशीच धरून नवऱ्याकडं पाहिलं.

"म्हणजे, कायद्याच्या दृष्टीनं," प्रभंजनराव घाईघाईनं म्हणाले.

आता घोडं अडलं ते झाकण्यापाशी. बंदुकीची मूळची कातडी पिशवी वाळवीनं केव्हाच फस्त केली होती. प्रभंजनराव तळमजल्यावरच्या हणमंतअण्णांकडे गेले. अण्णांचं दुर्गदबैलच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान. स्क्रूपासून संसारापर्यंत कुठल्याही गोष्टीवर त्यांच्याकडं तोडगा असतो, आणि तो बहुतेक वेळा दुकानातच असतो.

"पोत्यात घाला की मास्तर."

"पोत्यात? सरकारी परवान्याची वस्तू?"

"मग चार इंची पीव्हीसी पाइप घ्या. दोन्ही बाजूंनी टोपणं लावून देतो. पाणी जाणार नाही, हवा जाणार नाही."

प्रभंजनरावांनी डोळ्यांसमोर चित्र आणलं. निवडणुकीचे दिवस, रस्तोरस्ती नाकाबंदी, आणि गाडीच्या मागच्या सीटवर दोन्ही तोंडं बंद केलेला पाच फुटी पाइप. लोकांना वाटेल तोफच चालली आहे. ते तसेच जिना चढून वर आले.

शेवटी विमलाबाईंनीच सुटका केली. त्यांच्या तंबोऱ्याची जाड खादीची गवसणी होती, नाडी ओढली की तोंड घट्ट बंद होणारी. त्यांनी तंबोरा जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळून कोपऱ्यात उभा केला आणि गवसणी पुढं केली. "पण परत पाहिजे हं मला. तुमच्या बंदुकीबरोबर पोलिसांना देऊन याल."

बंदूक आत घातली, तर दस्ता खालच्या भोपळ्याच्या जागेत लोंबकळायला लागला. हलती बंदूक म्हणजे निष्काळजीपणा. म्हणून प्रभंजनरावांनी दस्त्याभोवती एक उशी कोंबली. मग दुसरी कोंबली. नाडी ओढून लांब उभं राहून पाहिलं, तर साक्षात तंबोरा. त्यांना फार समाधान वाटलं. बिचाऱ्यांना कुठं ठाऊक, की विकतचं दुखणं ते स्वतःच्या हातानं शिवून घेत होते!

शनिवारी सकाळी रक्तदाबाची आणि लघवी साफ करणारी, पाण्याची, अशा दोन्ही गोळ्या घेऊन, काडतुसांचा कुलूपबंद डबा खांद्यावरच्या झोळीत टाकून प्रभंजनराव निघाले. विमलाबाई शेजारी बसल्या. हुबळीतल्या जवळच्या ठाण्यात दीड तास बसल्यावर तिथल्या हवालदारानं परवाना उलटसुलट केला.

"सर, हा परवाना धारवाडचा आहे. पत्ता माळमड्डीचा आहे. बंदूक तिथल्या ठाण्यात द्यायची."

"पण आता आम्ही हुबळीत राहतो. तीन वर्षं झाली. आणि हुबळी-धारवाड काय वेगळं आहे? जुळी शहरं आहेत."

"जुळी म्हणजे दोन, सर," हवालदार शांतपणे म्हणाला. "आणि तीन वर्षं झाली म्हणता, मग पत्ता बदलल्याचं कळवलं नाही?"

प्रभंजनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. घर बदलल्यावर त्यांनी गॅसवाल्याला कळवलं होतं, बँकेला कळवलं होतं, विम्याला, माजी शिक्षक संघाला, एवढंच काय जुन्या घरी येणाऱ्या कल्हईवाल्यालाही कार्ड टाकलं होतं. पण बंदुकीला ते विसरले होते. सदतीस वर्षं ज्यांनी मुलांकडून नागरिकाची कर्तव्यं घोकून घेतली, ते नरगुंदकर सर स्वतः एका कर्तव्यात नापास झाले.

"विमल, मी तीन वर्षं बेकायदेशीर आहे," गाडीत बसल्यावर ते खोल आवाजात म्हणाले.

"मग अजून अर्ध्या तासानं काय होतंय? आधी दोन घास खाऊन घ्या."

गाडी सोडायची नाही, म्हणून हॉटेल नाही. भर बाराच्या उन्हात, काचा अर्ध्या वर करून, दोघांनी स्टीलच्या डब्यातला दहीभात खाल्ला. वर बाटलीभर ताक झालं. ते ताक प्रभंजनरावांनी प्यायला नको होतं, पण पुढचं कुणाला दिसतं?

धारवाडच्या रस्त्याला निवडणुकीची नाकाबंदी होती. रोकड, साड्या, कुकर असलं काही वाटपाला चाललंय का, हे बघायला मांडव घालून चारपाच माणसं बसलेली. पांढरे केस आणि शेजारी नऊवारीची काकू बघून पोलिसानं हात हलवला. "होग्री सर, होग्री." म्हणजे जा, तुमच्यात काय बघायचं.

शहाणा माणूस गेला असता. प्रभंजनरावांनी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि म्हणाले, "तपासा."

"नको सर, जावा."

"असं कसं? तपासल्याशिवाय सोडणं हा कर्तव्यात कसूर आहे. शिवाय गाडीत बंदूक आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शिट्ट्या वाजल्या. मागच्या गाड्या थांबल्या. एक दुचाकीवाला गाडी टाकून पळाला आणि उसाच्या गुऱ्हाळाआड जाऊन उभा राहिला. प्रभंजनराव खाली उतरले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. हात वर करा असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

"कुठं आहे बंदूक?"

"त्या गवसणीत."

"तो तंबोरा आहे की."

"दिसायला तंबोरा आहे. आत बंदूक आहे."

ह्या वाक्यानं वातावरण काही निवळलं नाही. साहेब आले. त्यांनी गवसणी उघडायला सांगितली. प्रभंजनरावांनी नम्रपणे पुस्तक काढून दाखवलं, की सार्वजनिक ठिकाणी शस्त्र झाकलेलं असलं पाहिजे आणि हा हमरस्ता आहे. शेवटी मांडवाला आडवी चादर धरून बंदूक बाहेर काढली. नळ्यांमधून आरपार पाहिलं, परवान्यावरचा नंबर ताडला आणि वहीत नोंद केली. साहेब हसले. "सर, सहा दिवस उभा आहे इथं. आपणहून सांगणारे तुम्ही पहिले."

प्रभंजनरावांची छाती जराशी फुगली. एवढ्यात व्हिडिओ काढणारा माणूस धावत आला. त्याचा कॅमेरा मगाशी चालूच नव्हता. तो म्हणाला, साहेब, नियमाप्रमाणं चित्रीकरण हवं, सरांना परत एकदा गाडीत बसून "गाडीत बंदूक आहे" असं म्हणायला सांगा. प्रभंजनराव परत गाडीत बसले. परत उतरले. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज चिरकला म्हणून तिसऱ्यांदा घ्यावं लागलं. ह्या सगळ्यात सव्वा तास गेला आणि दोन वाजून गेले.

आणि मग त्या पाण्याच्या गोळीनं आणि ताकानं हातमिळवणी केली.

पेट्रोल पंपावर त्यांनी गाडी थांबवली. बंदूक गाडीत ठेवता येईना, म्हणून गवसणी खांद्याला लावून ते मागच्या बाजूच्या स्वच्छतागृहाकडं निघाले. पंपावरच्या माणसानं त्यांना अडवलं. "काका, वाद्य आत नेऊ नका. सगळं ओलं आहे. सरस्वती असते ती." त्याचं बरोबर होतं. आत सरस्वतीलाच काय, चपलेलाही कोरडी जागा नव्हती. प्रभंजनराव परत फिरले.

"अहो, द्या ना इकडं दोन मिनिटं," विमलाबाई म्हणाल्या. "मी काय तिचं लोणचं घालणार आहे?"

"विमल, तुझ्या हातात दिली की तू विनापरवाना शस्त्रधारक. शिक्षा आहे त्याला."

"माझी शिक्षा सुरू होऊन अडतीस वर्षं झाली. बसा आता गाडीत. सुलभाक्कांकडं चला, ठाण्याच्या अलीकडंच आहे त्यांचं घर. नातीचं बारसं आहे आज, तसं बोलावणं होतंच. आत जा, मोकळे व्हा, पाळण्याला नमस्कार करू आणि निघू."

सुलभाक्का म्हणजे विमलाबाईंची गाण्याच्या क्लासातली मैत्रीण, माळमड्डीतली जुनी शेजारीण. एरवी प्रभंजनरावांनी समारंभात शस्त्र नेण्याबद्दलचा नियम सांगितला असता. नियम त्यांना पाठ होता. पण त्या घडीला पोटाखालच्या नियमापुढं बाकीचे सगळे नियम गौण झाले होते.

दारात रांगोळी, आत पंचवीस-तीस माणसं, पाळण्याला झेंडूच्या माळा. प्रभंजनराव गवसणी छातीशी धरून उंबऱ्यात उभे राहिले आणि सुलभाक्कांनी किंकाळीच फोडली. "अय्यो, बघा बघा! विमलक्का तंबोरा घेऊनच आली! बर्री सर, आत या!"

"हा तंबोरा नाही..." प्रभंजनराव म्हणाले. पण मग काय आहे, हे भरल्या बारशात कसं सांगणार? ज्या माणसानं हमरस्त्यावर तीनतीनदा सांगितलं, त्याला तान्ह्या मुलीच्या पाळण्यासमोर तो शब्द उच्चारवेना. शिवाय बोलत बसायला त्यांच्याकडं वेळच नव्हता. ते तडक मोरीकडं गेले. मोरी इवलीशी. दाराशी पोचल्यावर त्यांनी मागं पाहिलं. विमलाबाई पाठोपाठ आल्याच होत्या.

"दोनच मिनिटं," प्रभंजनराव म्हणाले आणि गवसणी बायकोच्या हातात दिली. "नळी वर." आणि दार लावलं.

सुखावून बाहेर आले, तर मोरीच्या दाराशी विमलाबाई नव्हत्या. बैठकीच्या खोलीत मधोमध सतरंजी घातली होती. सतरंजीवर विमलाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीशी ती गवसणी उभी होती. गवसणीला हळदकुंकू लागलं होतं, वर एक शेवंतीचं फूल होतं. सुलभाक्कांच्या घरी तंबोरा आला म्हणजे पाहुणा आला. तो काही कुणी कोपऱ्यात टेकवून ठेवत नाही. त्याला बसायला देतात, कुंकू लावतात, आणि गाणं न होता तंबोरा परत धाडणं म्हणजे जेवणवेळी आलेल्या माणसाला नुसत्या पाण्यावर वाटेला लावणं. सुलभाक्कांनी सासरी आल्यापासून हे एकदाही मोडलं नव्हतं, आणि आज तर नातीचं नाव ठेवायचं होतं सावनी, तेही रागाचंच.

सुलभाक्कांचा जावई सुमंत बाह्या सरसावून पुढं आला. "मावशी, काढा गवसणी. जुळवून देतो."

"नको!" प्रभंजनराव दारातूनच ओरडले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तार तुटलीय," विमलाबाई म्हणाल्या. अडतीस वर्षांच्या संसारात माणसाला इतकं सुचतंच. "दुरुस्तीला न्यायचाय. गवसणी काढायची नाही. असाच राहू दे." मग हळूच नवऱ्याला म्हणाल्या, "काय करू? ठेवून उठू का?"

"अजिबात सोडू नकोस हातातनं," प्रभंजनराव कुजबुजले.

झालं. तंबोरा सोडायचा नाही आणि तंबोरा धरलेल्या बाईनं गायचं नाही, असं त्या घरात होणं शक्य नव्हतं. सुमंतनं मोबाइलवर तंबोरा लावला. कोपऱ्यातल्या एका आजोबांनी सरकत येऊन गवसणीच्या भोपळ्यावर प्रेमानं हात फिरवला. मग दाबून पाहिलं. परत दाबलं. "मिरजेचा का? भोपळा मऊ लागतोय."

"जुना आहे, आजोबा," विमलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सूर लावला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. विमलाबाई गायला बसल्या की प्रभंजनरावांना नेहमी काहीतरी काम निघायचं. चपला नीट ठेवायच्या असत, स्कूटर सावलीत लावायची असे, अलीकडं फोन येत. गाण्यातलं आपल्याला कळत नाही आणि जे कळत नाही तिथं माना डोलावणं खोटेपणाचं, असं ते म्हणत. विमलाबाई काही म्हणत नसत. त्यांनी म्हणणं केव्हाच सोडून दिलं होतं.

आज मात्र उठायची सोय नव्हती. बंदूक अनोळखी लोकांत, बिनपरवाना माणसाच्या हातात, आणि परवाना प्रभंजनरावांच्या खिशात. ते सतरंजीवर विमलाबाईंच्या शेजारी मांडी घालून बसले आणि गवसणीच्या नाडीचं टोक दोन बोटांत पकडून ठेवलं. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. बघा, सरांचं किती प्रेम!

पहिली दहा मिनिटं त्यांनी नळीकडं पाहिलं. नळी आढ्याकडं होती. वरच्या मजल्यावर भाडेकरू राहत होते. बंदूक रिकामी होती, त्यांनी सकाळपासून सात वेळा पाहिली होती, तरी त्यांनी मनातल्या मनात भाडेकरूंची क्षमा मागितली. पुढची दहा मिनिटं त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. त्यानंतर बघायला काही उरलं नाही, म्हणून बायकोकडं पाहिलं.

विमलाबाईंचे डोळे मिटलेले होते. एक हात बंदुकीभोवती होता आणि दुसरा मांडीवर अलगद वळत होता. एका जागी त्या आवाज वर नेत आणि तिथं न थांबता जरा अलीकडं थांबत, आणि समोरच्या बायका श्वास रोखून बसत. तिसऱ्यांदा त्या तिथं आल्या तेव्हा प्रभंजनरावांनीही श्वास रोखला. आपण श्वास रोखलाय हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते दचकले. ही बाई रोज सकाळी आपल्याला गोळ्या काढून देते, तिला हे सगळं येतं? त्यांना एकदम लाज वाटली. पत्ता न कळवल्याची वाटली होती त्याहून पुष्कळ जास्त वाटली.

सव्वाचारला विमलाबाईंनी डोळे उघडले, घड्याळ पाहिलं, आणि गाणं मध्येच आवरतं घेतलं. "थांबू नका, मावशी!" सुमंत म्हणाला. "पाचला ह्यांचं काम आहे," विमलाबाई म्हणाल्या. निघताना सुलभाक्कांनी त्यांची ओटी भरली आणि तंबोऱ्याचीही भरली. गवसणीची नाडी सैल करून वरच्या वर एक खण आणि नारळ आत सरकवला. प्रभंजनराव नाडीचं दुसरं टोक धरून देवाचा धावा करत होते.

ठाण्यात पोचले तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. लक्ष्मण नावाच्या जाडजूड हवालदारानं गवसणी टेबलावर उघडली. आधी नारळ निघाला. मग खण. मग फूल, एक उशी, दुसरी उशी आणि शेवटी बंदूक. नळ्यांची तोंडं कुंकवानं माखली होती.

"येन्री सर इदु?" लक्ष्मण म्हणाला. "हे काय? बंदुकीचं डोहाळजेवण केलं का?"

काडतुसांचा डबा झाला, नंबर झाला, पत्ता बदलाचा अर्ज नंतर द्या म्हणून तोही प्रश्न सुटला. प्रभंजनरावांना हायसं वाटलं. लक्ष्मणनं छापील नमुना पुढं केला. "हे तेवढं भरा, सही करा, पावती देतो."

प्रभंजनराव भरत भरत सातव्या रकान्याशी आले आणि पेन थांबलं. घरातून काढल्यापासून शस्त्र परवानाधारकाखेरीज अन्य कोणाच्या ताब्यात होते काय? होय किंवा नाही.

पाचला दहा कमी.

"लिहा की सर. 'नाही' लिहायचं असतं तिथं. सगळे तेच लिहितात."

सगळे लिहितात म्हणून प्रभंजनरावांनी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. त्यांनी बायकोकडं पाहिलं. 'होय' लिहिलं तर परवाना जाणार, आणि त्याहून वाईट म्हणजे विमलचं नाव पोलिसांच्या कागदावर येणार. 'नाही' लिहिलं तर सदुसष्टाव्या वर्षी सरकारी कागदावर पहिलं खोटं. इकडं आड, तिकडं विहीर. मग ते उभे राहिले आणि म्हणाले, "होती. माझ्या पत्नीच्या. दोष माझा आहे. तिला काही माहीत नव्हतं. काय करायचं ते मला करा."

"अहो!" विमलाबाई म्हणाल्या. "मला सगळं माहीत होतं."

लक्ष्मणनं कपाळाला हात लावला आणि आत जाऊन फौजदार मॅडमना बोलावून आणलं. मॅडमच्या छातीवर रेश्मा अशी पट्टी होती. त्यांनी खुर्ची ओढली, नारळ बाजूला केला आणि सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं. ताक ऐकलं, पेट्रोल पंप ऐकला, बारसं ऐकलं. मोरीपाशी आल्यावर प्रभंजनराव "दोन मिनिटं आणि काही सेकंद" म्हणाले, तेव्हा लक्ष्मण तोंड फिरवून खोकला.

"सर, मोरीचं राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "परवानाधारक तिथंच हजर असेल आणि बंदूक त्याच्या नजरेखाली असेल, तर दुसऱ्याचा हात लागला म्हणून मी ताबा बदलला असं धरत नाही. गाणं चाललं होतं तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"शेजारी. नाडी माझ्या हातात होती."

"किती वेळ?"

"पाऊण तास."

"मध्ये उठलात? फोन आला, बाहेर गेलात, असं काही?"

"नाही."

मॅडमनी आजवर पुष्कळ जबाब घेतले असणार. त्यांनी प्रभंजनरावांकडं पाहणं सोडून दिलं आणि विमलाबाईंकडं वळल्या. "अक्का, तुम्ही सांगा. तुमच्या सांगण्यावर आहे आता. हे शेवटपर्यंत शेजारी बसून होते?"

भिंतीवरच्या घड्याळात पाचला चार कमी होते. परवाना, अब्रू, सदतीस वर्षांचं नागरिकशास्त्र, सगळं विमलाबाईंच्या एका शब्दावर येऊन थांबलं. त्यांनी नवऱ्याकडं नीट पाहिलं, जसं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"होते," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून म्हणाल्या, "आज होते."

लक्ष्मणनं नारळ उचलून परत खाली ठेवला. मॅडमनी प्रभंजनरावांकडं पाहिलं, आणि ती नजर गुन्हेगाराकडं बघण्याची नव्हती, तरी प्रभंजनरावांना आपण गुन्हेगार असतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

"'नाही' लिहा सर," मॅडम हळू म्हणाल्या. "खरं आहे ते."

प्रभंजनरावांनी 'नाही' लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

पावती खिशात घालून, रिकामी गवसणी आणि दोन उशा घेऊन ते गाडीत येऊन बसले. किल्ली लावली पण फिरवली नाही.

"कोणता राग होता तो?"

"भीमपलास."

"चांगला होता."

"अर्धाच झाला," विमलाबाई म्हणाल्या. "खरी मजा पुढं असते."

"मग म्हण की. आता कसली घाई आहे?"

"गाडीत?"

"काचा लावतो."

सत्तूर गेलं, नवनगर गेलं, उणकलचं तळं गेलं. नाकाबंदीवरच्या पोलिसानं ओळखून हात केला आणि प्रभंजनरावांनी त्याला काहीही कळवलं नाही. विद्यानगरात घराखाली गाडी उभी राहिली, तरी गाणं संपलं नव्हतं. हणमंतअण्णा दुकानातून लवकर आले होते. दोघं बंद गाडीत बसून राहिलेली पाहून ते घाबरून धावत आले आणि काचेवर टकटक करायला लागले. "काय झालं मास्तर? बंदूक घेतली नाही काय त्यांनी?"

प्रभंजनरावांनी काच बोटभर खाली केली, "थांबा जरा, अण्णा," म्हणाले आणि परत वर केली.